घरचा किराणा फुकट नसतो : महागाईत गल्ला कसा सांभाळायचा



प्रशिक्षणात एक प्रश्न हमखास येतो. "ताई, किराणा दुकान काढलं की घरचं वाणसामान तर फुकटच ना?" विचारणारा हसत विचारतो, पण मनातून त्याने ते गृहीत धरलेलं असतं. डब्यांचा व्यवसाय करू पाहणाऱ्या ताईसुद्धा म्हणतात, "चार डब्यांच्या स्वयंपाकात आमचं पण निघेल." भाव स्थिर असतात तेव्हा हा गैरसमज पचून जातो. भाव चढायला लागले की तोच गैरसमज भांडवल खायला लागतो, आणि आपण मात्र दोष महागाईला देत बसतो.

मी स्वतः हे करून बसले आहे. बीबीए केलं होतं, पुस्तकात 'उचल खातं' शिकले होते, त्यावर मार्कही मिळवले होते. पण २०१९ च्या दसऱ्याला दुकान उघडलं आणि पहिल्याच आठवड्यात सासूबाई मागच्या दाराने येऊन तूरडाळ, तेल, साखर घेऊन गेल्या, तेव्हा वहीत लिहायचं माझ्या डोक्यातही आलं नाही. घरचंच दुकान, लिहायचं काय?

दोन वर्षं निभावलं. मग २०२१ साल आलं. आठवत असेल, त्या वर्षी खाद्यतेलाचे भाव कुठल्या कुठे गेले होते. दिवाळी झाली, विक्री चांगली झाली, मी खुशीत होते. आणि होलसेलरचे ३८,००० द्यायच्या तारखेला गल्ला, बँक, पर्स सगळं मिळून ११,००० कमी पडले. त्याने आवाज चढवला नाही. फक्त म्हणाला, "आधीचं मिटवा, मग पुढचा माल." दिवाळीनंतर लग्नसराई तोंडावर, आणि माझ्या दुकानात तेलाचं फळकूट रिकामं. गिऱ्हाईक आठ दिवस समोरच्या दुकानात गेलं, त्यातली तीन-चार घरं परत आलीच नाहीत.

त्या रात्री हिशेबाला बसले. दुकानाचं भाडं, वीज, हमाली जाऊन महिन्याला साधारण १९,००० सुटत होते. त्यातले मी घरखर्चाला रोख १५,००० घेत होते, म्हणजे चार हजार शिल्लक पडायला हवेत. पण ती कुठे दिसेनात. म्हणून पुढचा एक महिना घरी गेलेली प्रत्येक वस्तू लिहिली. माझा अंदाज होता तीन-चार हजारांचा. आकडा आला ७,९४०.

आता बेरीज करा. १५,००० रोख आणि ७,९४० चा माल, म्हणजे जवळजवळ २३,०००. सुटत होते १९,०००. दर महिन्याला चारएक हजार भांडवलातून जात होते. तीन महिन्यांत बारा हजार. होलसेलरला कमी पडलेले अकरा हजार कुठे गेले हे शोधायला सीए लागला नाही. ते आमच्या फडताळात होते, आणि बरेचसे पोटात.

आधी हे का जाणवलं नाही? कारण जुन्या भावात तोच किराणा सहा हजारांच्या आत बसत होता आणि मी गल्ल्यातून बारा हजारच उचलत होते. काठावर का होईना, भागत होतं. पुढे दूध, गॅस, शाळेचा खर्च वाढला म्हणून रोख उचल वाढवली, आणि त्याच काळात मालाचे भाव वाढले.

तेलाच्या शंभर पिशव्यांचा हिशेब

हा हिशेब कागद-पेन घेऊन करा, नुसता वाचून सोडू नका.

समजा तुम्ही तेलाच्या १०० पिशव्या प्रत्येकी १०० रुपयांनी घेतल्या. भांडवल १०,०००. तेलात मार्जिन किती असतं? फार नाही. समजा ४ रुपये. सगळ्या विकल्या तर १०,४०० येतील. पण ५ पिशव्या घरी गेल्या. विकल्या ९५, हातात आले ९,८८०. म्हणजे शंभर पिशव्यांवरचे चारशे रुपये गेलेच, वर मुद्दलही १२० रुपयांनी कमी झालं. पाच पिशव्यांनी शंभर पिशव्यांचा नफा खाल्ला.

आता होलसेल भाव १२० झाला. ९,८८० रुपयांत ८२ पिशव्या येतील आणि ४० रुपये उरतील. घरी काहीच नेलं नसतं तर १०,४०० मध्ये ८६ आल्या असत्या. म्हणजे शंभराच्या ८६ महागाईने केल्या, आणि ८६ च्या ८२ घराने. पुढच्या फेरीत त्या ८२ मधल्या पुन्हा ५ घरी, ७७ विकल्या १२४ ने, आधीचे ४० धरून आले ९,५८८. आता माल येतो ७९ पिशव्यांचा. फळकूट हळूहळू मोकळं दिसायला लागतं, गिऱ्हाईक म्हणतं "तुमच्याकडे हल्ली माल नसतो", आणि आपण म्हणतो धंदा बसला.

महागाई आपल्या हातात नाही. घरी जाणारा माल हातात आहे. म्हणून तिथून सुरुवात.

मी काय केलं? उधारीच्या वहीचं पहिलं पान 'घर' या नावाने उघडलं. घरी जाणारी वस्तू तिथे लिहायची आणि एक तारखेला घरखर्चाच्या पैशातून ते बिल गल्ल्यात भरायचं, बाकीच्या उधारीच्या गिऱ्हाइकांसारखंच. सासूबाईंना हे लागलं. "आपल्याच दुकानातून उधारीवर न्यायचं? लोक काय म्हणतील?" दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. मी वाद घातला नाही, महिनाअखेर पान त्यांच्या हातात दिलं. ७,९४० वाचून त्या म्हणाल्या, "एवढं आपण खातो?" तिथून पुढचं काम त्यांनीच हातात घेतलं.

कुठल्या भावाने लिहायचं? पुस्तकात उचल खरेदी किमतीने नोंदवतात, ते बरोबरच आहे. पण भाव चढते असतील तर घरच्या मालाचे पैसे मी त्या दिवशीच्या होलसेल भावाने भरते, कारण ती वस्तू मला पुन्हा त्याच भावात आणायची आहे. आणि जीएसटी नोंदणी असेल तर घरी वापरलेल्या मालाचं इनपुट क्रेडिट मिळत नाही. दरमहा किती माल घरी गेला ते सीएला सांगत जा, नंतर निस्तरायला त्रास होतो.

किराणा कमी कसा झाला

पान लिहिल्यावर पहिला धक्का आकड्याचा होता, दुसरा यादीचा. आम्ही सगळे तूरडाळीच्या भावावर बोलत होतो, आणि यादीत सगळ्यात मोठी गळती होती बिस्किटं, वेफर्स, कुरकुरे आणि थंड पेयांची. १,३५० रुपये! मुलं शाळेतून यायची ती दुकानातून, येता येता बरणीत हात. नवरा रात्री दुकान बंद करताना फरसाणाचा एक पुडा खिशात. कुणाचाच दोष नाही, समोर दिसतं म्हणून खाल्लं जातं. मुलांना आठवड्याला पन्नास रुपये ठरवून दिले आणि सांगितलं, गल्ल्यात पैसे टाकून घ्यायचं. पुढच्याच महिन्यात हा आकडा चारशेवर आला. त्यातला धाकटा तर आता पुड्यावरचे ग्रॅम वाचतो.

ते वाचायला तुम्हीही शिका. पाच आणि दहा रुपयांच्या पुड्याची किंमत कंपनी सहसा बदलत नाही, आतलं वजन कमी करते. भाव वाढलेला दिसत नाही, पण वाढलेला असतो. आता पाकिटावर एकक विक्री किंमत छापलेली असते, म्हणजे एका ग्रॅमला किंवा एका किलोला किती रुपये. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरात असते. दोन पाकिटांची तुलना तिच्यावरून करा. मोठं पाकीट नेहमी स्वस्त असतं असं नाही, हे तुम्हाला पाच मिनिटांत दिसेल.

तेलाचं तर वेगळंच आहे. लिटर आणि किलो एक नव्हे. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम. बाजारात डबा १५ किलोचाही असतो आणि १५ लिटरचाही, दिसायला सारखेच. १५ लिटरच्या डब्यात तेल भरतं १३ किलो ६५० ग्रॅम. समजा १५ लिटरचा डबा २,०५० ला आहे आणि १५ किलोचा २,२०० ला. घाईत आपण दीडशे रुपये वाचले म्हणून पहिला उचलतो. पण किलोला तो १५० रुपयांना पडतो, दुसरा १४७ ला. पिशव्यांमध्येही हल्ली लिटरपेक्षा कमी मापाच्या येतात, शेजारी ठेवल्या तर फरक पटकन कळत नाही. घरी घेताना आणि दुकानासाठी घेताना, दोन्ही वेळी किलोवर भाव काढायचा. होलसेलरच्या दुकानात मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढायला लाजू नका, मी अजून काढते.

घरात तेलाचा वापर कमी कसा झाला ते सांगते. सासूबाईंनी एक तारखेला महिन्याचं तेल एका बरणीत काढून ठेवायला सुरुवात केली. बरणी दिसते, त्यामुळे वीस तारखेला किती उरलं ते सगळ्यांना कळतं. तळण रविवारी एकदाच. कुणावर सक्ती केली नाही, तरी सहा लिटरचं साडेचार लिटर झालं.

सुटं घ्यावं की पाकीटबंद? १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या, लेबल लावलेल्या बंद पाकिटातल्या धान्य, डाळी, पिठावर ५ टक्के जीएसटी आहे. सुट्या मालावर नाही. शिवाय पाकिटाचा, जाहिरातीचा खर्च सुट्या मालावर पडत नाही. पण सुटी डाळ हातात घेऊन बघा, दाताखाली दाबून बघा, ओलसर असेल तर वजनात फसगत होते आणि महिन्यात कीड लागते. चांगल्या दुकानदाराकडची सुटी डाळ मी नेहमी पसंत करेन. माझा स्वार्थ आहे म्हणा हवं तर.

तूर कडाडते तेव्हा आमच्याकडे तुरीत मुगाची किंवा मसुराची डाळ मिसळतात, आठवड्यातून दोनदा पिठलं किंवा कुळथाची आमटी होते. टोमॅटो महागला की चिंच, आमसूल आहेच. पण डाळीचं प्रमाण कमी करून वरण पातळ करणं, मुलांचं दूध-अंडं बंद करणं, याला मी बचत म्हणत नाही. आणि तळलेलं तेल पुन्हा पुन्हा तापवणं तर मुळीच नको.

या सगळ्यानंतर तिसऱ्या महिन्याचं पान ६,४५० ला थांबलं. जवळजवळ दीड हजार वाचले आणि घरात कुणी उपाशी राहिलं नाही. तेवढीच गल्ल्यातली उचलही ताळ्यावर आणली, तेव्हा कुठे होलसेलरची तारीख पाळता यायला लागली.

कुठली महागाई परत जाते, कुठली जात नाही

हे धंदा करणाऱ्याला कळलंच पाहिजे, कारण प्रत्येक भाववाढीवर एकच उपाय चालत नाही.

टोमॅटो, कोथिंबीर यांची महागाई आठवड्यांची असते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभरच्या कितीतरी वर गेला होता, आणि सप्टेंबरमध्ये तोच टोमॅटो शेतकऱ्यांना परवडेना इतका पडला. अशा वेळी थांबायचं, दुसरं काही वापरायचं. कांद्याचं चक्र थोडं लांब. उन्हाळी कांदा मार्च ते मे निघतो, चाळीत साठवतात, तो संपत आला आणि नवा खरीप कांदा अजून यायचा असला की सप्टेंबर ते नोव्हेंबर भाव तापतो. भजी, मिसळ, चायनीजची गाडी लावणार असाल तर हे तीन महिने धरूनच वर्षाचा दर ठरवा.

तूर पिकावर अवलंबून. आपल्या मराठवाड्या-विदर्भात पाऊस बिघडला तर वर्षभर झळ बसते. देशात कमी पडलेली तूर म्यानमार, मोझांबिक, टांझानियातून येते, त्यामुळे एका रात्रीत स्वस्त होत नाही.

तेल हे धोरणावर हलतं. आपण वापरतो त्यातलं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं. १४ सप्टेंबर २०२४ ला केंद्राने कच्च्या पाम, सोया, सूर्यफूल तेलावरचं एकूण आयात शुल्क ५.५ वरून २७.५ टक्के केलं आणि ऐन सणात भाव उसळले. पुढे ३० मे २०२५ ला ते १६.५ टक्क्यांवर आणलं. शुल्क वाढल्यावर घाबरून ज्यांनी गरजेपेक्षा जास्त डबे भरून ठेवले, त्यांना शुल्क उतरल्यावर हात चोळत बसावं लागतं. म्हणून तेलात पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा मी ठेवत नाही, भाव चढो की उतरो.

आणि गिरणीचं दळण, हॉटेलातला चहा, कामगाराची मजुरी, हे एकदा वाढलं की सहसा खाली येत नाही. हे तुमच्या दरात कायमचं धरा.

वर्षाचा गहू भरावा का

यावर माझं आणि सासूबाईंचं अजून एकमत नाही. त्या म्हणतात, मार्च-एप्रिलमध्ये नवा गहू येतो तेव्हा वर्षाचा भरून ठेवायचा, ऊन दाखवून, कडुनिंबाचा पाला घालून. पगारदार घरासाठी मी शंभर टक्के हो म्हणेन. पण ज्याने नुकताच धंदा सुरू केलाय त्याने आधी आकडा बघावा.

समजा ३० रुपयांनी २०० किलो गहू घेतला, ६,००० रुपये. वर्षभर थोडा थोडा घेतला असता तर सरासरी किलोला ४ रुपये जास्त पडले असते. म्हणजे बचत ८००. पण ते सहा हजार धंद्यातून काढले असतील तर? गहू हळूहळू संपतो, म्हणून वर्षभर सरासरी ३,००० अडकले असं धरा. तुमचं भांडवल महिन्यातून एकदा फिरत असेल आणि एका फेरीत ५ टक्के सुटत असतील, तर तीन हजारांवर महिन्याला दीडशे, वर्षाला १,८००. आठशे वाचवायला अठराशे सोडले. बचत गटाच्या, भिशीच्या किंवा पगाराच्या पैशातून गहू भरत असाल तर जरूर भरा. गल्ल्यातून नको. आमच्याकडे तोडगा असा निघाला की सासूबाईंच्या भिशीचा नंबर मार्चमध्ये घ्यायचा, आणि गहू त्यातून.

डबे, पापड, फराळ करणाऱ्यांसाठी

तुमचं काम माझ्यापेक्षा अवघड आहे, कारण घर आणि धंदा एकाच ओट्यावर. निदान तेल, डाळ, तांदूळ, पीठ यांचे डबे दोन करा. एकावर 'घर' लिहा, एकावर 'ऑर्डर'. घरच्यांचं जेवण ऑर्डरच्या भांड्यातून वाढलं तर तेवढे डबे विकले असं समजून पैसे टाका. गॅसही वेगळा लागतो. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायाला वापरायची परवानगी नाही, त्यासाठी १९ किलोचा व्यावसायिक असतो. दर ठरवताना अनेक ताई घरगुती सिलिंडरचा भाव धरतात आणि तिथेच गणित चुकतं.

भाव वाढला की पोळी लहान करू नका. जेवणाऱ्याला पहिल्या घासाला कळतं. त्यापेक्षा एक तारखेपासून डब्याला पाच रुपये वाढतील असं पंधरा दिवस आधी सांगा, कारण सांगा. दोघे सोडून जातील कदाचित. उरलेल्यांच्या डब्यात तुम्हाला पाणी घालावं लागणार नाही.

सुरू करण्यापूर्वी

माझ्याकडे कुणी "पाच लाखात दुकान होईल का" विचारायला आलं की मी आधी घरच्या किराण्याची तीन महिन्यांची वही मागते. बहुतेकांकडे नसते. मग जागा, फर्निचर, माल यांचं बोलणं पुढे ढकलते. कारण सुरुवातीचे सहा महिने दुकान तुम्हाला पगार देईलच असं नाही, आणि तेवढे दिवस घर कशावर चालणार हे पाच लाखांच्या बाहेर, वेगळ्या खात्यात असायला हवं. तीन महिन्यांचा सरासरी किराणा काढा, त्यात दहा टक्के वाढ धरा, त्याला सहाने गुणा. दूध, गॅस, फी, औषधं वेगळी. आमच्या घराच्या ७,९४० च्या पानावरून काढलं तर नुसता किराणाच पन्नास हजारांच्या वर जातो. मी एक रुपयाही बाजूला ठेवला नव्हता.

तेव्हा येत्या एक तारखेला शंभर पानी वही घ्या. तारीख, वस्तू, वजन, किंमत, आणि शेवटचा रकाना 'कुणी आणलं'. हा शेवटचा रकाना सोडू नका, आमच्या घरची बिस्किटं त्यातच सापडली. दुकान आधीच चालू असेल तर उधारीच्या वहीचं पहिलं पान घराचं. तीन महिने झाले की वही घेऊन या, मग दुकानाच्या जागेचं बोलू.